झाकली मूठ आणि उघडी नोंद : संग्राहकांच्या दालनांतील नव्या वस्तू लपविण्याच्या शिष्टाचाराची चिकित्सा

प्रास्ताविक :

संग्रह करणे ही माणसाची फार जुनी प्रवृत्ती आहे. नाणी, टपाल तिकिटे, पोथ्या, दिवे, अडकित्ते, जुनी पत्रे अशा नानाविध वस्तू जमविणारी माणसे जवळजवळ प्रत्येक गावात आढळतात. पूर्वी असा संग्रह घरातील पेटीत किंवा कपाटात असे आणि तो पाहावयाचा तर संग्राहकाच्या घरी जावे लागे. काय दाखवावयाचे, कोणाला दाखवावयाचे आणि पेटीच्या तळाशी काय ठेवावयाचे हे घरधनी ठरवीत असे. गेल्या दोन दशकांत ही पेटी संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आली. संग्राहक आपल्या वस्तूंची छायाचित्रे, वर्णने आणि मापे आंतरजालावरील दालनात मांडू लागले. दूरगावचा, परदेशातला समानधर्मा संग्राहक ती घरबसल्या पाहू लागला. पेटी उघडी झाली, तरी पेटीचा तळ मात्र गेला नाही. नवी वस्तू हाती आली की ती लगेच दालनात न मांडता काही काळ झाकून ठेवावयाची, ही रीत या दालनांतही रुजली आणि तिच्याभोवती काही अलिखित नियम तयार झाले.

हे नियम वरवर क्षुल्लक वाटतात. एखाद्याने आपले नवे नाणे चार महिने दाखविले नाही, तर त्यात इतरांचे काय गेले, असा प्रश्न सहज पडतो. परंतु संग्रहातील वस्तू ही पुष्कळदा इतिहासाचे साधनही असते. त्यामुळे ती लपविण्याचा प्रश्न केवळ खासगी आवडीनिवडीचा राहत नाही. प्रस्तुत लेखात या शिष्टाचाराची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी मराठी भाषिकांच्या इतिहासातील, विशेषतः मराठवाड्यातील, काही उदाहरणांचा आधार घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या किल्लारी परिसराचा अनुभव हा या चिकित्सेचा शेवटचा आणि महत्त्वाचा टप्पा आहे.

आडपडद्याचे स्वरूप व कारणे :

नवी वस्तू झाकून ठेवण्यामागे संग्राहकांची कारणे निरनिराळी असतात. पहिले कारण पडताळणीचे. नाणे अस्सल की बनावट, पोथीचा काळ कोणता, तिकिटावरील शिक्का मूळचा की मागाहून मारलेला, हे निश्चित होण्यापूर्वी वस्तू मांडली तर स्वतःची फजिती होते आणि इतरांचीही दिशाभूल होते. दुसरे कारण व्यवहाराचे. एखाद्या मालिकेतील शेवटची दोन नाणी मिळावयाची असताना आधीची सर्व मांडली, तर विकणाऱ्यास गरज कळते आणि भाव चढतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. तिसरे कारण सुरक्षिततेचे. मौल्यवान वस्तू कोणत्या गावी, कोणाकडे आहे हे जाहीर करणे म्हणजे चोराला वाट दाखविणे होय. चौथे कारण दिलेल्या शब्दाचे असते. वस्तू कोणास भेट द्यावयाची असते, किंवा ज्याने ती दिली त्याने नाव न सांगण्याची अट घातलेली असते. पाचवे कारण मात्र निव्वळ मनाचे आहे. नव्या वस्तूचा पहिला आनंद एकट्याने घ्यावा, तिला कोणाची दृष्ट लागू नये, अशी ती भावना असते. ‘नव्याचे नऊ दिवस’ संग्राहकाला स्वतःसाठी हवे असतात.

या कारणांतूनच शिष्टाचाराचे संकेत निर्माण झालेले दिसतात. दुसऱ्याने झाकलेली वस्तू ठाऊक असली तरी तिचा बोभाटा करू नये. शोध लावणाऱ्याचा जाहीर करण्याचा पहिला हक्क मानावा. अदलाबदलीसाठी कबूल केलेली वस्तू मागाहून अधिक चांगले गिऱ्हाईक येईल या आशेने लपवू नये. हे संकेत संग्राहकांच्या परस्पर विश्वासावर उभे आहेत. उदाहरणार्थ, निजामाच्या राजवटीतील चारमिनार छापाचा एक रुपया एका संग्राहकाने दुसऱ्यास देण्याचे कबूल केले आणि नंतर तो दालनातून गुपचूप काढून घेतला, तर येथे नाणे झाकण्याबरोबरच दिलेला शब्दही झाकला जातो. संग्राहकांचा समाज पहिली गोष्ट खपवून घेतो, दुसरी घेत नाही. हा भेद योग्यच आहे.

तथापि या शिष्टाचारात एक मोठी उणीव आहे. त्याचे सर्व नियम एका संग्राहकाने दुसऱ्या संग्राहकाशी कसे वागावे एवढेच सांगतात. वस्तूशी कसे वागावे, ती ज्या मातीतून किंवा ज्या घरातून आली त्याच्याशी कसे वागावे आणि पुढे तिचा अभ्यास करणाऱ्याशी कसे वागावे, याबाबत तो मौन पाळतो. ही उणीव लक्षात येण्यासाठी लपविण्याच्या आणि दाखविण्याच्या काही ऐतिहासिक उदाहरणांकडे वळणे आवश्यक ठरते.

महानुभावांची सकळ लिपी : नियमबद्ध गोपन :

मराठीत गोपनाचा सर्वांत शिस्तबद्ध प्रयोग महानुभाव पंथाने केला. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त संकलित केल्या. नांदेड जिल्ह्यातील माहूरपासून गोदातीरापर्यंत या पंथाची अनेक स्थाने पसरलेली आहेत. पंथाचे ग्रंथ परक्यांच्या हाती पडून त्यांची विटंबना होऊ नये, म्हणून चौदाव्या शतकापासून ते सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध लिपी म्हणजे सकळ लिपी. तिचे कर्तृत्व परंपरेने रवळोव्यासांकडे दिले जाते. पोथी पाहणाऱ्यास अक्षरे दिसत, परंतु अर्थ हाती लागत नसे. कुलूप पेटीला न लावता थेट अक्षरांनाच लावलेले होते.

या गोपनाचे परिणाम दुहेरी झाले. एकीकडे पंथाचे ग्रंथ मठामठांतून काळजीपूर्वक नकलून जतन केले गेले. दुसरीकडे तेराव्या शतकातील समृद्ध मराठी गद्य कित्येक शतके पंथाबाहेरच्या वाचकांच्या दृष्टिआड राहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. पुढे वि. ल. भावे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते आदी अभ्यासकांच्या परिश्रमांतून हे वाङ्मय मराठी वाचकांसमोर आले. कोलते यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. तोपर्यंत मराठी गद्याच्या आरंभकाळाविषयीच्या समजुती कितीतरी बदलाव्या लागल्या होत्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पंथाची परंपरा असे सांगते की, ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि नंतर शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध करण्यात आला. त्यामुळेच त्याचे निरनिराळे पाठ निर्माण झाले. एकच प्रत एकाच ठिकाणी जपली असता ती गेली. अनेक जाणकारांकडे वाटलेली स्मृती मात्र टिकली. पुढे सांकेतिक लिपीतील पोथ्याही टिकल्या, कारण लिपीची किल्ली एकट्या माणसाकडे नव्हती, ती परंपरेने गुरूकडून शिष्याकडे दिली जात होती. महानुभावांचे गोपन अभ्यासकांना कितीही गैरसोयीचे वाटले, तरी त्याला नियम होता, हेतू होता आणि वारसा होता. आजच्या दालनांतील गोपनात हेतू असतो, नियमही काही प्रमाणात असतो, वारसा मात्र बहुधा नसतो. वस्तू कोठे ठेवली आहे आणि तिचे वर्णन काय, हे एका संग्राहकाच्या डोक्यात असते आणि त्याच्याबरोबरच जाते.

तेरचे उदाहरण : गावातच राहिलेला संग्रह :

दाखविण्याच्या बाजूचे उदाहरण किल्लारीच्या शेजारच्याच धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात सापडते. तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर तगर ही मोठी बाजारपेठ असल्याचा उल्लेख आहे. तगर म्हणजेच तेर हे १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी प्रतिपादन केले. तेरच्या टेकाडांतून आणि शेतांतून पावसाळ्यानंतर मृण्मूर्ती, मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या अशा वस्तू वर येत. त्या जपून गोळा करण्याचे काम गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर केले. या संग्रहातून तेरचे शासकीय संग्रहालय उभे राहिले आणि त्यास त्यांचेच नाव देण्यात आले.

लामतुरे यांच्या संग्रहाचे महत्त्व वस्तूंच्या संख्येपुरते नाही. त्यांनी तो गावाबाहेर पांगू दिला नाही आणि अभ्यासकांसाठी बंद ठेवला नाही. मोतीचंद्र, डग्लस बॅरेट यांच्यासारख्या जाणत्या कलेतिहासकारांनी १९६० च्या सुमारास तेरविषयी लेखन केले, त्यामागे हा उघडेपणा आहे. तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती हे याचे उत्तम उदाहरण होय. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. या मूर्तीशी तेरच्या मूर्तीचे असलेले साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील हस्तिदंती कामाचाही या संदर्भात विचार झाला. मराठवाड्यातील कारागिरी आणि रोमन जग यांचा दुवा अशा रीतीने जोडता आला. तेरची मूर्ती एखाद्याच्या पेटीच्या तळाशी राहिली असती, तर पाँपेईची मूर्ती तुलनेसाठी एकाकीच पडली असती.

अर्थात या उदाहरणाचीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. टेकाडावरून आणि शेतातून वेचलेली वस्तू कोणत्या थरातून आली हे तिच्यावरून कळत नाही. थरांची साक्ष शास्त्रशुद्ध उत्खननातूनच मिळते. म्हणजे संग्राहक कितीही उदार असला तरी वस्तू दाखविल्याने सर्व काही साधत नाही. वस्तू कोठे, केव्हा, कशासोबत सापडली हे त्याच दिवशी टिपलेले असेल तरच तिचे मोल पूर्ण होते. उघडपणाहूनही नोंद महत्त्वाची आहे, हे येथे प्रथम जाणवते.

जोगळटेंभीचा साठा : एकत्रितपणाचे मोल :

नाणेसंग्राहकांच्या दृष्टीने या मुद्द्याचे सर्वांत बोलके उदाहरण नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीचे आहे. तेथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप पुन्हा मारलेला होता. एच. आर. स्कॉट यांनी या साठ्याचा अभ्यास करून १९०८ मध्ये तो प्रसिद्ध केला. गौतमीपुत्राने क्षहरातांचे निर्मूलन केले, असे नाशिकच्या लेण्यातील शिलालेख सांगतो. या नाण्यांनी त्या लेखाला धातूची साक्ष दिली.

यातील महत्त्वाची बाब प्रमाणाची आहे. सुटे एखादे पुनर्मुद्रित नाणे ही एक दुर्मीळ, हौसेची वस्तू आहे. तेरा हजारांत नऊ हजारांहून अधिक नाणी पुनर्मुद्रित असणे हा मात्र सत्तांतराचा पुरावा आहे. हाच साठा शोधणाऱ्यांनी मुठीमुठीने वाटून घेतला असता, प्रत्येकाने आपापली मूठ झाकून ठेवली असती आणि सवडीने, भाव पाहून, एकेक नाणे बाहेर काढले असते, तर प्रत्येक नाणे कोठेतरी सुरक्षित राहिले असते. कदाचित त्यांना अधिक किंमतही आली असती. पण प्रमाण नाहीसे झाले असते आणि त्याबरोबर इतिहासही. वस्तू शाबूत राहते आणि अर्थ नष्ट होतो, ही गोपनाची खरी हानी आहे. दालनात हप्त्याहप्त्याने नवी नाणी ‘प्रकट’ करणाऱ्या संग्राहकाला या हानीची जाणीव क्वचितच असते. एकाच ठिकाणाहून एकाच वेळी आलेली पाच नाणी तो पाच महिन्यांत पाच स्वतंत्र नवलाई म्हणून मांडतो आणि पाहणाऱ्यास त्यांचे परस्पर नाते कधीच कळत नाही.

कायदा आणि संग्रहालयाची शिस्त :

लपविणे आणि सांगणे यांतील मर्यादा कायद्यानेही आखून दिली आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. त्यात वस्तूचे स्वरूप, अंदाजे किंमत, सापडल्याचे ठिकाण आणि दिनांक ही माहिती अपेक्षित असते. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुन्या हस्तलिखितांना तो लागू होतो. मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा अधिसूचित प्रकारांची नोंदणी त्यानुसार बंधनकारक आहे. या दोन्ही कायद्यांत एक समान सूत्र दिसते. वस्तू चार लोकांत मिरविण्याची सक्ती कायदा करीत नाही, ती नोंदविण्याची करतो. घरातील मूर्ती शेजाऱ्यास दाखविली नाही तर गुन्हा होत नाही, परंतु नोंदणीस पात्र असूनही ती न नोंदविणे हा गुन्हा होतो. अशा वस्तूच्या बाबतीत ‘हा आमच्या संग्राहकांतील शिष्टाचार आहे’ ही सबब टिकणारी नाही.

संग्रहालयांची शिस्तही याच सूत्रावर चालते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण मराठी वाचकास परिचयाचे आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये, दरवाजे अशा नित्याच्या वापरातील वस्तूंचा प्रचंड संग्रह केला आणि अकाली निधन पावलेल्या आपल्या मुलाचे नाव त्यास दिले. पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. सुमारे वीस हजार वस्तूंच्या या संग्रहातील अडीच हजारांच्या आसपास वस्तूच जागेअभावी मांडता येतात. उरलेल्या वस्तू प्रेक्षकांच्या दृष्टीआड असतात. तरीही त्या लपविल्या आहेत असे कोणी म्हणत नाही. याचे कारण संग्रहालयाच्या रीतीत आहे. वस्तू दारातून आत आली की ती मांडली जावो वा न जावो, तिला आवक नोंदवहीत क्रमांक मिळतो, आल्याची तारीख मिळते, कोणाकडून आली याची नोंद होते. मांडणी हा नंतरचा प्रश्न असतो. संग्राहकांच्या दालनांत हा क्रम उलटा झालेला दिसतो. तेथे मांडणी हीच नोंद मानली जाते. त्यामुळे जी वस्तू मांडली नाही तिची नोंदही पुष्कळदा होत नाही.

किल्लारीचा धडा :

या चर्चेला किल्लारीच्या अनुभवाने वेगळे परिमाण प्राप्त होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरील भूभागाला भूकंपाचा तीव्र धक्का बसला. गावे गाढ झोपेत होती. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि बावन्न गावे उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद ही या भागातील घरांची पारंपरिक बांधणी होती. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच बांधणी त्या पहाटे माणसांच्या अंगावर कोसळली. किल्लारीसह अनेक गावे नंतर नव्या जागी वसविण्यात आली.

अशा घरांतील भिंत ही नुसता आडोसा नसे. तिच्यात कोनाडे, देवळ्या असत, घरात धान्यासाठी बळद असे. चीजवस्तू, वतनाचे कागद, देवाच्या जुन्या मूर्ती, पोथ्यांची बासने याच आडोशाला ठेवण्याची रीत होती. दागदागिने कोठे आहेत हे घरातील एखाद्या कर्त्या माणसालाच ठाऊक असावे, हा व्यवहाराचा शहाणपणा मानला जाई. चोरीचे आणि दरोड्याचे भय असलेल्या काळात तो शहाणपणाच होता. भूकंपाने मात्र भिंत, वस्तू आणि वस्तूची जागा ठाऊक असणारा माणूस यांना एकाच क्षणी गाडले. ज्या घरात जाणतेच माणूस गेले, तेथे वस्तू ढिगाऱ्याखाली असूनही नसल्यासारखी झाली. जी हाती लागली ती कोणाची, कोठून आलेली, किती पिढ्यांची, हे सांगणारे कोणी उरले नाही. जीवितहानीच्या तुलनेत ही हानी फार लहान आहे आणि त्या दुःखापुढे तिचा उच्चार करतानाही संकोच वाटावा, हे खरे आहे. तरीही गावाच्या स्मृतीच्या दृष्टीने ती हानीच होती. नव्या वसाहतीत घर मिळते, परंतु घराण्याचा कागद आणि त्यामागची हकिकत मिळत नाही.

लपविण्याच्या रीतीवर किल्लारीने विचारलेला प्रश्न असा आहे : लपविणारा उद्या नसेल तर काय? संग्राहकांचा शिष्टाचार असे गृहीत धरतो की, वस्तू झाकणारा योग्य वेळी ती उघडील. ‘नव्याचे नऊ दिवस’ सरतील, व्यवहार पुरा होईल, पडताळणी होईल आणि पडदा दूर होईल. हे गृहीतक माणसाच्या आयुष्याच्या आणि घराच्या भिंतीच्या खात्रीवर उभे आहे. किल्लारीच्या परिसरात तरी या दोन्हींची खात्री कोणी देऊ नये. आंतरजालावरील दालनांच्या बाबतीतही हा प्रश्न लागू पडतो. झाकलेली नोंद संग्राहकाच्या परवलीच्या शब्दामागे असते. तो गेला, तर घरच्यांच्या हाती पेटी येते, परंतु पेटीत काय आहे हे सांगणारे पान त्यांच्यासाठी बंदच राहते. मग ती वस्तू वजनावर विकली जाते किंवा अडगळीत जाते. महानुभावांनी किल्ली शिष्याकडे दिली होती. आजचा संग्राहक ती कोणाकडेच देत नाही.

चिकित्सेतून हाती येणारे निकष :

वरील विवेचनावरून लपविण्याची योग्यायोग्यता ठरविण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे वाटतात. पहिला प्रश्न, कोणासाठी लपविले? वस्तूच्या, तिच्या स्थळाच्या किंवा दात्याच्या संरक्षणासाठी असेल तर गोपन समर्थनीय ठरते. तेरसारख्या स्थळी वस्तू नेमक्या कोणत्या शेतात सापडतात हे जाहीर केले तर कुदळी घेऊन येणाऱ्यांना निमंत्रणच मिळेल. तेथे स्थळ सर्वांना न सांगणे हाच विवेक होय. मात्र ते पुरातत्त्व खात्यापासून आणि स्वतःच्या नोंदवहीपासून लपविणे हा विवेक नव्हे. दुसरा प्रश्न, किती काळ? पडताळणीला काळ लागतो, व्यवहाराला लागतो, पण त्याला शेवट असतो. ज्या गोपनाला शेवट नाही ते हळूहळू मालकीच्या हव्यासात बदलते. तिसरा आणि निर्णायक प्रश्न, नोंद कोठे आहे? वस्तू हाती आली त्या दिवशीची तारीख, स्थळ, सोबतच्या वस्तू, देणाराचा तपशील आणि छायाचित्र एवढे लिहून ते घरातील किंवा विश्वासातील आणखी एका माणसाच्या हाती असेल, तर वस्तू वर्षभर झाकली तरी बिघडत नाही. एवढे नसेल, तर वस्तू पहिल्याच दिवशी चारचौघांत मांडूनही फारसे साधत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, हौस म्हणून नाणी जमविणाऱ्या सामान्य माणसावर संग्रहालयाची शिस्त लादणे अवाजवी आहे. संग्रह हा त्याचा विरंगुळा आहे, ती काही नोकरी नव्हे. या आक्षेपात तथ्य आहे. कारखान्यात छापलेल्या आणि लाखोंनी उपलब्ध असलेल्या वस्तूंच्या बाबतीत तर तो पूर्ण मान्य करावा लागेल. परंतु मातीतून आलेली, घराण्यातून आलेली किंवा एकुलती एक असलेली वस्तू हाती येताच हौशी माणूस नकळत इतिहासाच्या साधनांचा राखणदार होतो. त्याच्याकडून अपेक्षा आहे ती साध्या वहीची, एका पानाची आणि पाच ओळींची. लामतुरे यांच्यासारखा खेड्यातील माणूस एका प्राचीन नगरीचा वारसा सांभाळू शकतो, तर एवढी अपेक्षा जड वाटू नये.

समारोप :

संग्राहकांच्या दालनांतील नव्या वस्तू लपविण्याचा शिष्टाचार हा मुळात वाईट नाही. पडताळणी, सुरक्षितता आणि दिलेला शब्द यांसाठी त्याची गरज आहे. त्याचा दोष त्याच्या अपुरेपणात आहे. तो संग्राहकांची परस्परांतील भीड सांभाळतो, वस्तूची साक्ष सांभाळत नाही. महानुभावांच्या पोथ्या नियमबद्ध गोपनातूनही टिकल्या, कारण किल्ली वारशाने दिली गेली. तेरची मूर्ती बोलू लागली, कारण ती अभ्यासकांसमोर आली. जोगळटेंभीच्या नाण्यांनी सत्तांतर सांगितले, कारण त्यांचा साठा म्हणून एकत्रित अभ्यास झाला. किल्लारीच्या ढिगाऱ्यांनी मात्र हे दाखविले की, एकाच माणसाच्या स्मरणावर सोपविलेली ठेव त्या माणसाइतकीच अल्पायुषी असते. म्हणून या शिष्टाचारात एका नियमाची भर घालणे आवश्यक आहे. संग्राहकाने मूठ हवी तितके दिवस झाकावी, पण मुठीत काय आहे हे पहिल्या दिवशीच लिहावे आणि ते लिहिलेले कोठे आहे हे आणखी एका माणसास सांगून ठेवावे.